रानातला निवारा

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात अल्लीपूर येथे केलेले भाषण. वक्ते संस्थेच्या माध्यमिक विभागात शिक्षक असून बी. ए., बी. एड. आहेत.)



या व्यासपीठावरून दरवर्षी आपण गुणांविषयी, शिष्यवृत्त्यांविषयी, पुढील प्रवेशांविषयी ऐकतो. ते ऐकलेच पाहिजे. मात्र या वेळी विषय निवडण्याची मोकळीक मिळाली, तेव्हा मी कार्यवाहांना सांगितले, ‘रानात एक रात्र काढावी लागली तर काय करावे, यावर बोलेन.’ ते हसले आणि म्हणाले, ‘सर, आपली मुले तशीही अर्धी रानातच असतात. त्यांना रानातून शाळेत आणायचे की शाळेतून रानात न्यायचे?’ प्रश्न खरा आहे. माझे आजचे बोलणे म्हणजे या प्रश्नाचेच उत्तर आहे.

रानात हाताशी असेल त्या वस्तूंनी निवारा करणे, विस्तव पेटवणे, पाणी शोधून ते पिण्याजोगे करणे, दिशा ओळखणे आणि सुखरूप घरी परतणे, या विद्येला परदेशात आज मोठे नाव आहे. त्यावर जाड जाड पुस्तके निघतात, पैसे भरून लोक शिबिरांना जातात. आपल्याकडे तिला वेगळे नाव नाही. आपल्याकडे ती जागलीला जाणाऱ्याच्या अंगात असते. ज्याच्या अंगात ती असते त्याला ती विद्या आहे असे कोणी सांगत नाही. हे मला फार उशिरा कळले. ते कसे कळले, ते आधी सांगतो. त्यात माझी शोभा नाही, पण शिक्षकाने चूक लपवू नये.

नोकरीला लागून मला दोनच वर्षे झाली होती. दिवाळीच्या सुट्टीत नववीच्या अठरा मुलांना घेऊन मी दोन रात्रींचे शिबिर काढले. एका पालकांनी आपले शेत दिले. शेताच्या कडेने नाला होता. पात्राच्या एका बाजूला स्वच्छ, सपाट, कोरडी वाळू पसरलेली. मला ती जागा गादीसारखी वाटली. मी तेथेच तंबू ठोकण्यास सांगितले.

त्या अठरा मुलांत एक मुलगा असा होता की तो वर्गात हमखास पेंगत असे. इंग्रजीच्या तासाला मी त्याला कितीदा तरी उभे केले होते. एकदा सर्वांसमोर म्हणालोही होतो, ‘तुला काही येत नाही आणि यायचेही नाही.’ हा मुलगा माझ्याजवळ आला आणि खाली पाहून म्हणाला, ‘सर, इथं नको. इथून पाणी येते.’ मी आकाशाकडे पाहिले. आकाश निरभ्र होते. मी त्याला मेखा ठोकायला पाठवले.

रात्री केव्हा तरी तो मला हलवून उठवत होता. आमच्या अंगावर एक थेंबही पडला नव्हता. मात्र वरच्या अंगाला विजा चमकत होत्या आणि नाल्यातून वेगळाच आवाज येत होता. तो झोपलाच नव्हता. आम्ही मुले मोजली, अंथरुणे उचलली आणि बांधावर चढलो. अर्ध्या तासात त्या वाळूवर कमरेइतके गढूळ पाणी वाहू लागले. दोन तंबू आणि स्वयंपाकाची भांडी गेली. मुले मात्र सर्व वाचली. मग पाऊस आमच्यावरही आला. त्या मुलाने शेतमालकाने गेल्या हंगामातील रचून ठेवलेल्या तुराट्या काढल्या, उरलेली ताडपत्री घेतली, दोन बेचक्याचे खांब आणि एक आडवा बांबू उभा केला, आणि मुलांकडून हाताखाली काम करवून घेत पाहता पाहता अठरा जणांना डोके टेकता येईल एवढा आडोसा केला. मी दिवा धरून उभा होतो. एवढेच काम मला येत होते.

पहाटे ढग तसेच होते. फजरच्या नमाजाची वेळ झाली तेव्हा मुले एकमेकांकडे पाहू लागली. पश्चिम कोणती? गावात मशीद असते, घरात भिंत ठरलेली असते, म्हणून कधी विचार करावा लागला नव्हता. भूगोलात पैकीच्या पैकी गुण मिळवणारा मुलगाही गोंधळला. ‘नाला तिकडून तिकडे वाहतो, म्हणजे पश्चिम ही,’ असे त्याच मुलाने सांगितले. ऊन पडल्यावर पाहिले, ते बरोबर निघाले.

नंतर मला कळले की त्याच्या घरी दुसऱ्याची शेती ठोक्याने होती. रानडुकरे आणि रोही रात्रीतून पीक लोळवतात, म्हणून आजोबांबरोबर तो आठवड्यातून चार रात्री जागलीला जाई. तो वर्गात पेंगे ते त्यामुळे. मी ज्याला आळस म्हणत होतो ती त्याची रात्रपाळी होती.

मंडळी, त्या रात्रीपासून मी हा विषय शिकू लागलो. काही पुस्तकांतून, बराचसा गावातील वडीलधाऱ्यांकडून. त्यातील मुख्य गोष्टी आज आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट क्रमाची. या विद्येतील जाणकार तीनचा एक ठोकळ नियम सांगतात : हवेशिवाय माणूस सुमारे तीन मिनिटे, अतिथंडीत किंवा कडक उन्हात आडोशाशिवाय तीन तास, पाण्याशिवाय तीन दिवस आणि अन्नाशिवाय तीन आठवडे तग धरतो. हा काही अचूक हिशेब नव्हे. आपल्याकडच्या मे महिन्यात पाण्याविना तीन दिवसही निघणार नाहीत. पण क्रम लक्षात घ्या. हरवलेला माणूस आधी खाण्याच्या मागे धावतो. वास्तविक त्याने आधी आडोसा पाहावा, मग पाणी.

दुसरी गोष्ट जागेची. निवारा बांधण्याआधी चार ठिकाणी नजर टाकावी. वर पाहावे : वाळकी फांदी किंवा आग्या मोहोळ तर नाही? खाली पाहावे : मुंग्यांचे वारूळ, बीळ, दगडांची रास तर नाही? भोवती पाहावे : पाऊस आला तर पाणी कोणत्या वाटेने वाहील? काठावरच्या झुडपांत अडकलेला पालापाचोळा पाहिला की पूर कुठवर चढतो ते कळते. आमच्या शिबिरात तो पालापाचोळा माझ्या डोक्याच्या उंचीवर लटकत होता. मी तो पाहिला होता, पण त्याचा अर्थ मला लागला नाही. चौथे, वारा कोणीकडून येतो ते पाहावे आणि निवाऱ्याची पाठ तिकडे करावी.

तिसरी गोष्ट बांधणीची. दोन बेचक्याचे खांब रोवावे, त्यावर आढे ठेवावे आणि आढ्याला एका किंवा दोन्ही बाजूंनी काटक्या टेकवाव्या. विद्यार्थी मित्रांनो, येथे तुमची भूमिती उपयोगी पडते. उतार ४५ अंशांच्या आसपास असावा. त्याहून सपाट झाला तर पाणी झिरपते. पळसाची पाने, शिंदीच्या झावळ्या, गवत, तुराटी, पऱ्हाटी, जे मिळेल ते पसरावे. परंतु खालून सुरुवात करून वर जावे, म्हणजे वरचा थर खालच्यावर येतो. आपल्या घरांवरचे कवेलू असेच बसवलेले असतात. ज्या मुलाने कवेलू फेरण्यासाठी बापाला हात दिला आहे, त्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

निवारा मोठा बांधण्याचा मोह टाळावा. लहान निवारा अंगाच्या उबेने लवकर तापतो. आणि छपराइतकेच लक्ष जमिनीकडे द्यावे. थंड, ओली जमीन अंगातली ऊब झपाट्याने ओढून घेते, म्हणून दाबल्यावरही वीतभर राहील एवढा कोरड्या पाचोळ्याचा किंवा कडब्याचा थर खाली अंथरावा. अंथरण्यापूर्वी तो काठीने झोडून घ्यावा, म्हणजे विंचू-किडा असेल तर निघून जातो. भोवती हातभर अंतरावर चर काढावा.

यात हीन असे काही नाही. आपल्या जिल्ह्यात सेवाग्रामची बापूकुटी पाहायला देशोदेशीचे लोक येतात. गांधीजी १९३६ साली तेव्हाच्या शेगावात राहायला आले. माती, बांबू, लाकूड आणि कवेलू या आसपास मिळणाऱ्या वस्तूंनीच तेथील कुट्या उभ्या राहिल्या. आपल्या हिंगणघाटात २६ डिसेंबर १९१४ रोजी जन्मलेल्या बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळच्या ओसाड जमिनीवर आनंदवन वसवले, तेव्हा आरंभ झोपड्यांनी आणि विहिरीनेच झाला : आधी आडोसा, मग पाणी, मग बाकीचे सारे. वर्धा-यवतमाळकडील कोलाम बांधव आजही बांबूच्या कामात असे तरबेज आहेत की कुडाची भिंत विणताना त्यांचे हात पाहत राहावे. ज्याला आपण झोपडी म्हणून नाक मुरडतो, त्यात ऊन, वारा आणि पाणी यांचा किती विचार सामावलेला असतो!

आता विस्तव आणि पाणी. विस्तवाला तीन मापांचे जळण आधी गोळा करावे : काडीएवढे, बोटाएवढे आणि मनगटाएवढे. मुले काडी ओढतात आणि मग लाकूड शोधायला धावतात. म्हणून जाळ विझतो. पावसात जमिनीवर पडलेले लाकूड घेऊ नये. झाडावर किंवा झुडपात अडकून वाळलेले घ्यावे, ते आत कोरडे असते. आधी जागा मातीपर्यंत झाडून घ्यावी, निवाऱ्यापासून चार पावले दूर विस्तव करावा आणि निघताना पाणी ओतून राखेवर हात ठेवता येईपर्यंत तो विझवावा. पाणी आधी दुपदरी-चौपदरी फडक्यातून गाळावे, मग खळखळ उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळू द्यावे. नुसते गाळलेले पाणी स्वच्छ दिसते, पण ते निर्धोक नसते.

दिशेसाठी एक सोपी युक्ती. मोकळ्या जागी सरळ काठी रोवा. सावलीच्या टोकाशी खडा ठेवा. वीस मिनिटांनी सावली सरकली की दुसरा खडा ठेवा. पहिला खडा साधारण पश्चिमेचा आणि दुसरा पूर्वेचा. आपल्या भागातून किब्ला पश्चिमेला किंचित उत्तरेकडे कलून आहे, एवढे ज्याला ठाऊक आहे त्याला रानातही कोणाला विचारावे लागणार नाही. रात्री सप्तर्षींवरून ध्रुव शोधावा.

आणि वाट चुकलीच, तर सर्वांत अवघड गोष्ट करावी : थांबावे. चालत राहणारा मुलगा शोधणाऱ्यांपासून दूर जातो. एका जागी थांबून, दिसेल असे फडके बांधून, थोड्या थोड्या वेळाने तीन-तीन शिट्ट्या द्याव्या. तीनदा दिलेली खूण ही सर्वत्र मदतीची हाक समजली जाते.

एक गोष्ट विशेषतः मातांना सांगायची आहे. १ मे २०२३ रोजी दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात एक लहान विमान ॲमेझॉनच्या घनदाट जंगलात कोसळले. विमानातील तिन्ही प्रौढ दगावले. त्यांत मुलांची आईही होती. चार भावंडे उरली. थोरली मुलगी तेरा वर्षांची, धाकटे मूल वर्षाचेही झालेले नव्हते. सैन्याने आणि तेथील आदिवासी स्वयंसेवकांनी मिळून शोध घेतला आणि ९ जूनला, म्हणजे ४० दिवसांनी, चारही भावंडे जिवंत सापडली. थोरल्या बहिणीने विमानातील पीठ पुरवून पुरवून वापरले. ज्या कंदापासून आपल्याकडे साबुदाणा होतो त्याच कंदाचे ते पीठ. तिने फांद्यांचा आडोसा केला, कोणती फळे खावीत ते ओळखले, तान्ह्या बाळाला सांभाळले. ही मुले हुइतोतो नावाच्या आदिवासी जमातीची होती, आणि हे सर्व त्या मुलीला तिच्या आजीने शिकवले होते.

आता विचार करा. शिबिराचे पत्र घरी गेले की मुलांच्या पत्रावर सही होते आणि मुलींचे पत्र दप्तरातच राहते. मी पालकांना दोष देत नाही. काळजी आहे म्हणूनच सही होत नाही. पण आपल्या मुली कापूस वेचायला जातात, सरपण आणतात, विजा चमकताना शेतातून घरी धावतात. धोका त्यांच्या वाट्याला आहेच. धोक्याची शिकवण तेवढी नाही. मुलींचे शिबिर दिवसाचे ठेवा, गावातच ठेवा, सोबत शिक्षिका आणि दोन माता असू द्या. परंतु ते होऊ द्या.

ही विद्या आपल्या परंपरेला परकी आहे असेही कोणी समजू नये. बाराव्या शतकात अंदलूस म्हणजे आजच्या स्पेनच्या भूमीवर इब्न तुफैल नावाचे हकीम आणि तत्त्वज्ञ होऊन गेले. त्यांच्या ‘हय्य इब्न यक्झान’ या ग्रंथात निर्जन बेटावर एकट्या वाढलेल्या मुलाची कथा आहे. तो पानांची वस्त्रे करतो, निवारा बांधतो, अग्नी ओळखतो, आणि पाहता पाहता, विचार करता करता ज्ञानाच्या शिखरावर पोहोचतो. या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १७०८ साली प्रसिद्ध झाले, आणि जगप्रसिद्ध ‘रॉबिन्सन क्रूसो’ त्यानंतर, १७१९ साली. हाताचे काम आणि बुद्धीचे काम हे एकाच जिन्याच्या पायऱ्या आहेत, हे आपल्या बुजुर्गांनी आठशे वर्षांपूर्वी ओळखले होते.

अलीकडच्या काळात हे काम बालवीर चळवळीने केले. बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर पहिले शिबिर भरवले, तेव्हा त्यातील सुमारे वीस मुलांत श्रीमंतांची मुले होती तशीच कामकऱ्यांचीही होती. तंबूत कोणाचा बाप कोण हे विचारले जात नाही. गाठ कोणाला मारता येते हे पाहिले जाते. आपल्या देशात वेगवेगळ्या बालवीर संघटना एकत्र होऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था स्थापन झाली. त्या एकीकरणासाठी झटणाऱ्यांत देशाचे पहिले शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद होते, आणि नागपूरच्या उच्च न्यायालयात राहिलेले न्यायमूर्ती व्हिव्हियन बोसही होते. मौलानांसारख्या ग्रंथांत बुडालेल्या विद्वानाला मुलांच्या तंबूचे महत्त्व वाटले, हे आपण ध्यानात ठेवावे.

काही इशारेही दिले पाहिजेत. उत्साहाच्या भरात कोणी बोरच्या जंगलात आडोसा बांधायला जाऊ नये. बोर हे १९७० पासून अभयारण्य आणि २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. तेथे परवानगीशिवाय शिरणे आणि फांदी तोडणे हा गुन्हा आहे, आणि वाघाच्या घरात आगंतुकासारखे शिरणे हा वेडेपणा. सरावाला आपले शेत, शाळेचे मैदान आणि गेल्या वर्षाच्या तुराट्या पुरेशा आहेत. हिरवे झाड तोडून शिकलेली विद्या ही विद्या नव्हे. विजा चमकत असताना एकट्या झाडाखाली उभे राहू नये. पक्क्या इमारतीत जावे, आणि ती नसेल तर झाडापासून दूर, सखल जागी पाय जुळवून उकिडवे बसावे, आडवे होऊ नये. साप चावला तर चिरा देऊ नये, रक्त चोखू नये, आवळून दोरी बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. तो अवयव हलू न देता रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे ही चार विषारी नावे प्रत्येक मुलाला ठाऊक हवीत. जुलै २०२२ मध्ये वणेला आणि यशोदेला आलेले पूर आपण पाहिले आहेत. तेव्हा रान आपल्या दारात आले होते. ही विद्या केवळ जंगलात जाणाऱ्यांसाठी नाही, हे त्या दिवसांनी शिकवले.

आता संस्थेपुढे माझ्या तीन नम्र सूचना आहेत. एक, मुलांचे स्काऊट पथक आणि मुलींचे गाईड पथक येत्या वर्षी सुरू व्हावे. सहा ते आठ जणांचा एक संघ, आणि त्याचा नायक गुणपत्रिका पाहून नव्हे, तर काम पाहून निवडावा. दोन, महिन्यातून एक तास गावातील वडीलधाऱ्यांना शाळेत बोलवावे. अंबाडीचा दोर वळणारे आजोबा, चुलीतला विस्तव रात्रभर राखणाऱ्या नानी, कवेलू फेरणारे चाचा, हे त्या तासाचे शिक्षक असावेत आणि आम्ही मागच्या बाकावर बसावे. तीन, मुलाला जे येते त्याची नोंद प्रगतिपुस्तकात एका ओळीत व्हावी. ‘निवारा बांधता येतो.’ ‘पाण्याची वाट ओळखतो.’ एवढेच लिहावे.

ही एक ओळ मला इतकी महत्त्वाची का वाटते, ते सांगून थांबतो. ज्या मुलाने आमचे प्राण वाचवले त्याची मी शिबिरानंतर वर्गासमोर क्षमा मागितली. तो लाजला आणि हसला. पण नववीच्या परीक्षेनंतर तो शाळेत आला नाही. मी त्याच्या घरी गेलो. वडील म्हणाले, ‘सर, तुम्ही चांगले आहात, पण पोराच्या कागदावर सगळीकडे लाल शाई आहे. त्याला काही येत नाही असे शाळाच म्हणते, मग त्याचे वर्ष कशाला वाया घालवायचे?’ माझ्याजवळ उत्तर नव्हते. कारण त्या कागदावर सही माझी होती.

तो आज गावातच आहे, मजुरी करतो, भेटला की सलाम करतो. यंदा मी त्याला शिबिरात शिकवायला येतोस का, असे विचारले आहे. तो म्हणाला, ‘जागा मी दाखवीन, सर.’

अध्यक्ष महोदय, आपण आणि पालकांनी मिळून त्याला होकार द्यावा, एवढीच विनंती करतो आणि आपली रजा घेतो. खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.